निरीक्षणगृहातून सुटल्यानंतरचे पंधरा दिवस

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, मा. पोलीस अधीक्षक, मा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी,
तसेच बाल न्याय मंडळांचे मा. प्रमुख दंडाधिकारी व सदस्य,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

महोदय, महोदया,

नशा करणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या हाती लागतो, त्या दिवशी सगळी यंत्रणा जागी असते. बाल कल्याण पोलीस अधिकारी येतात, चोवीस तासांच्या आत मंडळासमोर हजर करण्याची धावपळ होते, परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) कळवले जाते, पालकांना फोन जातो. तोच मुलगा जामिनावर किंवा अंतिम आदेशाने घरी जातो, त्या दिवशी मात्र रजिस्टरवर एक सही होते आणि फाईल कपाटात जाते. आमचे म्हणणे असे की, त्याच्या जिवाला सर्वांत मोठा धोका याच दिवसापासून पुढचे पंधरा दिवस असतो आणि या पंधरा दिवसांत कामावर कोणीच नसते.

कारण साधे आहे. अफूवर्गातली (ओपिऑइड) औषधे किंवा गुंगीच्या गोळ्या रोज घेणाऱ्याचे शरीर हळूहळू त्या मात्रेला सरावते. निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात त्या गृहात, दोन-तीन आठवडे काही मिळाले नाही की हा सराव उतरतो. मुलाच्या डोक्यात मात्र जुनी मात्राच पक्की असते. बाहेर आल्यावर मित्र भेटतात, तो पूर्वीइतक्याच गोळ्या घेतो, वर दारू असते. महिन्याभरापूर्वी ज्याने नुसती तार लागत होती, त्याच मात्रेने आता श्वास मंदावतो. तुरुंगातून सुटलेल्यांत पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने होणाऱ्या मृत्यूंचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्यालाही हाच नियम लागू होतो. म्हणजे मूल ‘सुधारून’ घरी आले म्हणून घरचे निर्धास्त होतात, ते नेमके चुकीच्या वेळी.

यावर कायद्यात हत्यार आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 12 नुसार जामीन देताना मंडळ मुलाला परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. पण आदेशात ‘देखरेखीखाली’ एवढेच लिहिले की ते कागदावरच राहते. त्यात तीन ओळी जास्त लिहाव्यात: सुटकेपासून 72 तासांत पहिली भेट, पंधरा दिवसांत किमान चार संपर्क आणि त्यांतली एक भेट घरी. परिविक्षा अधिकाऱ्याला मंडणगडपासून राजापूरपर्यंत एसटीने फिरायचे असेल, तर प्रवासभत्ता वेळेवर मिळणे ही या आदेशाचीच अट समजावी. भत्ता थकला की भेटीच्या जागी फोन येतो, आणि फोनवर आई ‘बरा आहे’ एवढेच सांगते, कारण तो शेजारीच उभा असतो.

सुटकेच्या वेळी पालकांशी बोलणे हवे, निदान वीस मिनिटांचे. सध्या त्यांना हमीपत्रावर सही कुठे करायची तेवढे सांगितले जाते. खरे तर त्यांना सांगायला हवे की, त्याने पुन्हा घेतले तर पूर्वीच्या मात्रेने जीव जाऊ शकतो; दार आतून लावून एकट्याला झोपू देऊ नका; वेगळ्याच आवाजात घोरत असेल तर हलवून बघा. हे मुलालाही तोंडावर सांगावे. ‘असे सांगितल्याने त्याला घेण्याची परवानगी मिळते’ अशी शंका निरीक्षणगृहांचे काही अधीक्षक काढतात. गाडी शिकवताना ब्रेक कुठे आहे हे सांगितल्याने कोणी अपघात करायला निघत नाही.

आता कोणत्या नशेबद्दल आपण बोलतो आहोत, ते नेमके समजून घेऊ. 2023 च्या ऑगस्टमध्ये दापोली आणि श्रीवर्धनच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहून आली आणि कोकणातली नशा म्हणजे समुद्रातून येणारी पाकिटे, असे चित्र तयार झाले. ते पकडायलाच हवे. पण नुसत्या चरस-गांजाने श्वास बंद पडून मरण सहसा येत नाही. ते येते दारू आणि गोळ्यांच्या मिश्रणाने, कोडीनच्या खोकल्याच्या औषधाने, ट्रॅमाडॉलने, अल्प्राझोलाम-नायट्राझेपामसारख्या गुंगीच्या गोळ्यांनी, इंजेक्शनने. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, मारते ते वेगळ्या वाटेने: ताप, झटके, हृदयाची लय बिघडणे. थिनर, व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्यूशन यांची वाट आणखी तिसरी.

या तिसऱ्या वाटेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मोठ्यांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के निघाले. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली पाहणीतली ही एकमेव नशा. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, फायबरची डागडुजी आणि रंगकाम चालू असते आणि थिनरचे डबे उघडे पडलेले असतात. जे मूल कधी मेडिकलच्या पायरीवर चढले नाही, त्याच्याही हाताशी हा डबा येतो.

आता प्रत्यक्ष प्रसंग. बेशुद्ध मूल समोर आहे. आधी हाक मारायची, खांदा जोरात दाबायचा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरे घासायची. प्रतिसाद नसेल तर दहा सेकंद छाती आणि पोट बघायचे. पाच-सहा सेकंदांत एकही श्वास नाही, घशातून घरघर येते आहे, ओठ किंवा नखे निळसर-करडी पडली आहेत, तर हा ओव्हरडोस समजून चालायचे. बॅटरीच्या उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर अफूवर्ग जवळजवळ नक्की. पण बाहुल्या मोठ्या दिसल्या म्हणून तो नाही असे ठरवू नये, मिश्रणात ही खूण फसवते. लगेच 108. फोनवर पहिले वाक्य ‘मुलगा बेशुद्ध आहे, श्वास नीट चालत नाही’ हे असावे. काय घेतले ते नंतर सांगता येते. खाडीपलीकडच्या गावातून फोन असेल तर ‘रात्री फेरीबोट नाही, पुलाच्या रस्त्याने या’ हेही तेव्हाच सांगावे, नाहीतर गाडी जेट्टीवर येऊन उभी राहते.

मग कपाळ मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास: दर पाच सेकंदांना एक, छाती उचललेली दिसेल एवढाच. तो निपचित असेल आणि श्वास अजिबात नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर नाडी शोधण्यात वेळ न घालवता छाती दाबायला सुरुवात करावी, तीस दाब आणि दोन श्वास. श्वास चालू झाला की कुशीवर वळवावे, वरचा गुडघा पुढे दुमडून, गालाखाली हात ठेवून. ओव्हरडोसमधले कितीतरी जीव उलटी श्वासनळीत गेल्याने जातात, आणि उताणे झोपवलेल्या मुलाला आपण तीच संधी देतो.

प्रत्यक्षात काय होते? मित्र त्याला विहिरीवर नेऊन डोक्यावर घागरी ओततात. कोणी लिंबू पिळते, कोणी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला बघते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाते. कोणी काळी कॉफी आणते. आणि सर्वांत घातक सल्ला म्हणजे ‘झोपू दे, सकाळी उतरेल’. घोरणे ऐकून घरच्यांना हायसे वाटते, पण ते घोरणे म्हणजे बंद होत चाललेली श्वासनलिका असू शकते.

नालोक्सोन हा अफूवर्गावरचा उतारा आहे. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत तो आहे आणि एक मिलीलीटरच्या ॲम्प्यूलमध्ये 0.4 मिलिग्रॅम मिळतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा दंडात स्नायूत द्यायचा, दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर पुन्हा. अफूवर्गातलेच ब्युप्रेनॉर्फिन घेतले असेल तर जास्त लागतो. ट्रॅमाडॉलमध्ये झटके येऊ शकतात, म्हणून कुशीवर ठेवून डोके सांभाळावे लागते. दारू, झोपेच्या गोळ्या, एमडी, थिनर यांवर तो चालत नाही, पण चुकून दिला तर सहसा नुकसानही नाही. मिश्रणात अफूवर्गाचा भाग असला तर तेवढा उतरतो. हेतू मुलाला जागे करण्याचा नाही, श्वास चालू करण्याचा आहे. घाईने भरपूर दिला तर तो झटक्याने उठतो, ओकतो, शिव्या देतो, पळून जातो. आणि उताऱ्याचा असर तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो, पोटातली गोळी त्याहून जास्त टिकते. म्हणून ‘उठला, चला घरी’ असे म्हणून दवाखान्यातून नेलेला मुलगा दोन तासांनी अंथरुणात पुन्हा बुडतो. निरीक्षणाखाली ठेवणे हा उपचाराचाच अर्धा भाग आहे.

उतारा जवळ ठेवणे कोकणाला नवीन नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरले, ते प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोचले आणि मृत्यू खाली आले. सर्पदंशाची लस आपण आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये आहे की नाही ते विचारतो. तोच प्रश्न नालोक्सोनबद्दल विचारावा: जिल्ह्यातल्या प्रत्येक 108 गाडीत, ग्रामीण रुग्णालयात आणि निरीक्षणगृहात. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्येच सांगितले आहे की, ओव्हरडोस ज्यांच्या डोळ्यांसमोर घडण्याची शक्यता असते, त्यांच्या हाती नालोक्सोन आणि तो वापरण्याचे शिक्षण असावे.

निरीक्षणगृहाच्या आपत्कालीन पेटीत काय असावे, याबद्दल आमचा अंदाज असा: सहा ॲम्प्यूल, दोन मिलीच्या सहा सिरिंज आणि 23 गेजच्या सुया, श्वास देण्याचा मास्क, हातमोजे, बॅटरी, ग्लुकोमीटर, थर्मामीटर, ओआरएस. सहा ॲम्प्यूल अशासाठी की, दोन-तीन लागतात आणि घाबरलेल्या हातात एखादी फुटते. पेटी सूर्यप्रकाशापासून दूर, पण कुलपात नको. किल्ली अधीक्षकांच्या खिशात आणि अधीक्षक गावाला, असा योग नेहमीच जुळून येतो. इंजेक्शन कोणी द्यायचे हे जिल्हा शल्यचिकित्सकांनी लेखी आदेशात स्पष्ट करावे. परिचारिका नसलेल्या रात्री काळजीवाहकाने हात लावायचा की नाही, हे त्याने पहाटे दोन वाजता ठरवू नये.

एमडीच्या मुलाचे वेगळे. तो तापलेला, घामाघूम, संशयी असतो. त्याला चार जणांनी पालथे पाडून पाठीवर बसणे म्हणजे त्याचा जीव घेणे. कमी आवाज, कमी माणसे, कपडे सैल, मानेवर आणि काखेत गार पाण्याच्या घड्या, शुद्धीत असेल तर घोट-घोट पाणी. छातीत दुखणे, झटका किंवा बडबड-भ्रम दिसला तर थेट रुग्णालय. थिनर हुंगलेल्या मुलाच्या मागे धावू नये. अचानक दचकल्याने आणि पळण्याने हृदयाची लय बिघडून तो जागेवर कोसळू शकतो. मोकळी हवा, भिजलेला शर्ट काढणे, जवळ बिडी-काडी नाही, शांत बोलणे. कोसळलाच तर छाती दाबायला लगेच सुरुवात.

पोलीस अधीक्षकांकडे आमची मागणी यातूनच निघते. झडती दिसताच पाकीट गिळणारी मुले असतात. ‘गिळले का?’ हा प्रश्न पंचनाम्याआधीचा. गिळल्याचा नुसता संशय असेल तरी उलटी काढायला लावू नये, रुग्णालयात न्यावे. पाकीट पोटात फुटायला किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही. चोवीस तासांच्या मुदतीत प्रवासाचा वेळ धरला जात नाही, म्हणून दापोलीहून रत्नागिरीला नेताना तीन-चार तास मूल जीपच्या मागच्या बाकावर असते. तिथे तो ‘झोपला’ तर कोण बघणार? सोबतच्या अंमलदाराने दर पंधरा मिनिटांनी हाक मारावी आणि नोंद ठेवावी, इतके पुरे. आणि पाकीट पोचवणारा मुलगा सापडला की त्याच्या मागचा मोठा माणूस शोधावा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 78 प्रमाणे मुलाकडून अमली पदार्थ विकवून किंवा वाहून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कलम 77 मध्ये मुलाला नशा देणाऱ्यालाही तेवढाच. ही कलमे आरोपपत्रात फारशी दिसत नाहीत.

निरीक्षणगृहात दाखल होतानाचा धोका उलट्या बाजूचा असतो. रोज दारू पिणाऱ्या मुलाची दारू तुटल्यावर 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात. झोपेच्या गोळ्यांचे झटके त्याहून उशिरा, काही दिवसांनीही. दाखल करताना ‘शेवटचे काय, किती, कधी घेतले’ हे तीन प्रश्न एका कागदावर लिहून घ्यावेत आणि तो कागद रात्रपाळीच्या टेबलावर राहावा. मुलगा खरे सांगेल का? ‘हे पोलिसांसाठी नाही, तुला रात्री झटका आला तर डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे’ असे म्हटले की बहुतेक सांगतात.

याच टेबलावर बसलेल्या माणसाबद्दल दोन शब्द. रात्री तो एकटा असतो. अनेकदा कंत्राटी, आणि पगार कधी येईल याची खात्री नसलेला. मूल कोसळले तर पहिली चौकशी आपलीच होणार हे त्याला पक्के ठाऊक असते, म्हणून तो आधी अधीक्षकांना फोन लावतो, ते वरच्यांना, आणि मग कधीतरी 108 ला. मेंदूला प्राणवायू न मिळता चार-पाच मिनिटे गेली की नुकसान सुरू होते. हे फोनच तेवढे खातात. म्हणून एक ओळीचा आदेश हवा: 108 ला फोन करण्यासाठी कोणाचीही परवानगी लागणार नाही, आणि फोन केला म्हणून कोणावर कारवाई होणार नाही. तो भिंतीवर लावावा. वर्षातून दोनदा तीन तासांचे प्रशिक्षण, पुतळ्यावर प्रत्यक्ष हात ठेवून. स्लाइड दाखवून उरकायचे नाही. रात्री दोन माणसे. मूल दगावले तर चौकशीबरोबरच कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक. परिविक्षा अधिकारी, काळजीवाहक, समुपदेशक ही माणसे टिकली नाहीत, तर वरचा एकही परिच्छेद अमलात येणार नाही. दर सहा महिन्यांनी नवा माणूस येतो आणि पेटी कुठे आहे हे त्याला माहीत नसते.

उपचाराला पाठवायचे कुठे, हा कोकणातला खरा अडसर. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 93 नुसार व्यसनी मुलाला योग्य केंद्रात हलवता येते. पण मोठ्या माणसांच्या खासगी केंद्रात सोळा वर्षांचा मुलगा ठेवणे हा उपचार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 87 मध्ये अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवणे आणि सोबत जवळचे माणूस असणे बंधनकारक आहे. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्रत्येकाच्या मानसोपचार विभागात मुलांसाठी दोन खाटा राखून ठेवल्या तरी सावंतवाडीच्या आईला गोव्यात बांबोळीला आणि चिपळूणच्या आईला कोल्हापूरला हेलपाटे घालावे लागणार नाहीत.

अपघात विभागात ‘आधी पोलीस केस’ हे वाक्य अजून ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात आधी उपचार, मग कागद असे स्पष्ट सांगितले आहे. मुद्दाम गोळ्या घेतलेले मूल असेल तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम 115 प्रमाणे ते तीव्र ताणाखाली होते असेच गृहीत धरायचे असते. त्याला शिक्षेची नव्हे, काळजीची गरज आहे. अशा वेळी मूल ठीक दिसते म्हणून परत पाठवू नये. पॅरासिटामॉलसारख्या औषधात पहिला दिवस बरा जातो आणि यकृत नंतर बसते. त्यावरचा वेगळा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो.

मित्र पळून का जातात, याचेही उत्तर यातच आहे. ओव्हरडोसच्या वेळी मदत बोलावणाऱ्याला आपल्या कायद्यात वेगळे संरक्षण नाही. अमली पदार्थ कायद्याचे कलम 64अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला काही गुन्ह्यांत खटल्यापासून सूट देते, मित्राला नाही. पण तीन जिल्ह्यांचे पोलीस अधीक्षक एवढे जाहीर करू शकतात की, 108 बोलावून थांबलेल्या मुलाची त्या रात्री झडती होणार नाही.

मेडिकल दुकानांबद्दल थोडक्यात: अल्प्राझोलाम, कोडीन, ट्रॅमाडॉल अनुसूची एच-1 मध्ये आहेत, त्यांचे वेगळे रजिस्टर तीन वर्षे ठेवावे लागते. अन्न व औषध प्रशासनाने ते नुसते आहे का एवढेच न बघता कोणत्या डॉक्टरचे नाव पुन्हा पुन्हा येते ते बघावे. आणि पत्रकार मित्रांनो, बाल न्याय अधिनियमाचे कलम 74 मुलाची ओळख उघड करायला मनाई करते. ‘अमुक वाडीतील सतरा वर्षांचा, वडील खलाशी’ असे छापले की नाव छापायचे बाकी काय राहते?

31 ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय ओव्हरडोस जागृती दिन. 2001 मध्ये मेलबर्नला सुरू झाला. आपल्याकडे तो गणपतीच्या आगेमागे येतो, चाकरमानी गावी असतात किंवा निघालेले असतात. त्या दिवशी शाळेच्या पोरांना उन्हात घोषणा देत फिरवू नये. भजनाआधी मंडपात वीस मिनिटे मागावीत, एका तरुणाला सतरंजीवर झोपवावे आणि कुशीवर कसे वळवायचे ते पाच जणांकडून करून घ्यावे. वाडीत तीन-चार जणांना तरी तोंडाने श्वास देता आला, की त्या वाडीचे काम झाले. दारूच्या, झटक्याच्या, बुडालेल्या माणसालाही हीच विद्या लागते. फलकावर नंबर मोजकेच: 108, मुलांसाठी 1098, व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी 14416.

आमची आजची मागणी तीन कागदांची आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांचा नालोक्सोन आणि पेटीबद्दलचा आदेश, 108 ला विनापरवानगी फोन करण्याचा आदेश, आणि मंडळांच्या जामीन आदेशात 72 तासांची ओळ. यांतल्या कोणत्याही कागदाला नवे अनुदान लागत नाही. अनुदान लागते ते रात्रीच्या दुसऱ्या माणसाला आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या प्रवासाला, त्याचा प्रस्ताव वेगळा जोडत आहोत. प्रत्येक जिल्ह्यातून या तीन कागदांसाठी जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि रात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक आम्हाला 31 ऑगस्टच्या आत कळवावा. कळवलेला क्रमांक आम्ही रात्री अकरानंतर लावून बघणार आहोत.

आपले,
विधिसंघर्षग्रस्त बालकांसोबत काम करणारे
परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, परिचारिका आणि काळजीवाहक
रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग